सोबतीच्या माणसासाठी एक तास झाडांखाली

हळवे भात कापणीला आले, आकाश धुतल्यासारखे निळे झाले आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली की समजावे, शरद ऋतू आला. नवरात्र, दसरा, कोजागिरी असे सगळे आनंदाचे दिवस याच सुमारास येतात. आणि नेमके याच दिवसांत आमच्या दवाखान्यांतली गर्दी वाढते. जुने वैद्य शरदाला गमतीने वैद्यांची आई म्हणत, कारण ती त्यांचे पोट भरते! पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने खवळते, असे आयुर्वेद सांगतो. आधुनिक वैद्यक डासांकडे बोट दाखवते. साचलेल्या पाण्यामुळे डेंग्यू, मलेरियाचे रुग्ण या काळात वाढतात. शिवाय दुपारी चटका आणि पहाटे गारवा, यामुळे सर्दी-खोकला आणि दमाही डोके वर काढतात.

पण आजचा लेख रुग्णांसाठी नाही. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी आहे.

आपल्या भागातून मोठ्या आजारासाठी मुंबई गाठणारी कुटुंबे पुष्कळ. रात्रीची गाडी पकडायची, दादर किंवा ठाण्याला उतरायचे, नात्यातल्या कोणाच्या तरी दीड खोलीच्या घरात पिशव्या टाकायच्या आणि रुग्णालय गाठायचे. रुग्णाला निदान खाट तरी मिळते. सोबतीच्या माणसाला मिळते ती खाटेखालची चटई, जिन्यातली पायरी किंवा बाकाचा कोपरा. जेवण मिळेल तेव्हा, झोप लागेल तेव्हा. चहा मात्र दिवसातून आठ वेळा. असे आठ-पंधरा दिवस गेले की रुग्ण सुधारू लागतो आणि सोबतीचे माणूस आजारी पडते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की आता तालुक्याहून रुग्ण मुंबईला पाठवताना चिठ्ठी लिहून झाली की विचारतो, “सोबत कोण जाणार? तुम्हाला स्वतःला काही गोळ्या चालू आहेत का?”

शुश्रूषेचा भार

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयस्कर जोडप्यांमध्ये जो आजारी जोडीदाराची काळजी घेतो आणि ज्याला त्या कामाचा मानसिक ताण जाणवतो, त्याच्या मृत्यूचे प्रमाण चार वर्षांत, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी जास्त आढळले. सेवा करणे वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. सेवा करणाऱ्याकडे कोणी पाहत नाही आणि तो स्वतःही स्वतःकडे पाहत नाही, हे त्यातले दुखणे आहे.

सोबतीच्या माणसात काही खुणा दिसू लागतात, त्या घरच्यांनी ओळखाव्यात. विनाकारण चिडचिड होणे, सांगितलेले लगेच विसरणे, डोके जड राहणे, पाय सुजणे, छातीत धडधडणे, भूक मरणे किंवा उगाचच खात सुटणे. रात्री पाठ टेकली तरी डोळा न लागणे ही तर पहिली खूण. आणि सर्वांत घातक म्हणजे रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या स्वतःच्या गोळ्या घरी विसरणे, किंवा जवळ असूनही न घेणे.

वहिनींचा प्रश्न

गेल्या वर्षी आश्विनातच आमच्या दादांचे पोटाचे मोठे ऑपरेशन मुंबईत झाले. वहिनी दिवसरात्र त्यांच्याजवळ होत्या. पाचव्या दिवशी मी पोहोचलो. दादांचा चेहरा टवटवीत दिसत होता, नळ्या निघाल्या होत्या, पेज सुरू झाली होती. वहिनींचा चेहरा मात्र ओढलेला होता. चपलांचे पट्टे पायांत रुतले होते. मी न विचारताच रक्तदाब मोजला. वरचा १७० आणि खालचा १०० भरला.

“वहिनी, तुमच्या गोळ्या?”

“पिशवीत आहेत की. पण सकाळी डॉक्टरांची फेरी असते, मग हे आणा, ते आणा. राहून जाते, भाऊजी.”

गोळ्या लगेच सुरू केल्या. पुतण्याला दादांजवळ बसवले आणि वहिनींना म्हटले, “चला, तासाभरात परत येऊ.” त्या म्हणाल्या, “त्यांना असे सोडून मी बागेत हिंडायला येऊ? शेजारच्या खाटेवरची माणसे काय म्हणतील?”

वाचकहो, या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहीत आहे. नवरा खाटेवर असताना बाईने झाडे पाहायला जाणे आपल्याकडे चैन समजली जाते. तीच बाई औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत दोन तास उभी राहिली तर ते कर्तव्य ठरते. शेवटी दादाच खाटेवरून म्हणाले, “जा गं. तू पडलीस तर मला कोण उठवणार?” तेव्हा कुठे त्या निघाल्या.

कचऱ्यावर उगवलेले वन

आम्ही गेलो ते ठिकाण आपल्यातल्या अनेकांनी बसच्या खिडकीतून पाहिले असेल, पण आत पाऊल ठेवले नसेल. शीवहून वांद्र्याकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर, धारावी बस आगाराजवळ, मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. माहीम निसर्ग उद्यान या नावानेही ते ओळखले जाते. नदीच्या एका काठाला हे उद्यान आणि पलीकडच्या काठाला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयापासून हे अंतर दोनेक किलोमीटरच असेल.

या जागेचा पूर्वेतिहास ऐकण्यासारखा आहे. १९७७ सालापर्यंत येथे मुंबईचा कचरा टाकला जात असे. वर्षानुवर्षांचा कचरा, त्याची दुर्गंधी, घिरट्या घालणाऱ्या घारी, असे ते क्षेपणभूमीचे चित्र होते. कचरा टाकणे थांबल्यावर या जागेवर निसर्ग उद्यान उभारावे, असा विचार पुढे आला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ही जागा विकसित केली, कचऱ्यावर माती पसरून हजारो झाडे लावली गेली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३७ एकरांची ही जागा आज दाट झाडीने भरलेली आहे.

हे शोभेच्या फुलांचे आणि कारंज्यांचे उद्यान नव्हे. झाडे एकमेकांना खेटून वाढली आहेत, वेली चढल्या आहेत, पाने पडतात तिथेच कुजतात. कुजलेल्या पानांचे खत होते, त्यात गांडुळे आणि किडे येतात, किड्यांमागे पक्षी येतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून नवे बी पडते. माणसाने सुरुवात करून दिली, पुढचे काम निसर्गाने केले. पावसाचे पाणी साठवण्याची सोय आहे, औषधी वनस्पतींची बाग आहे, रोपवाटिका आहे. नदीकडच्या बाजूला खारफुटी आहे.

फाटकातून आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती हवेतला फरक. बाहेर ऑक्टोबरचे ऊन टाळू भाजत होते, आत सावलीत शिरताच खांदे आपोआप सैल पडले. मोटारींचा आवाज पूर्ण जात नाही, पण मागे पडतो. पाऊस नुकताच संपलेला असल्याने हिरवेपणा अजून टिकून होता आणि वाटेच्या कडेने फुलपाखरे होती. पावसाळा संपल्यावरचे हे आठवडे म्हणजे फुलपाखरांची सुगीच. मखमली काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेले एक मोठे फुलपाखरू आडवे गेले. ते ब्ल्यू मॉर्मन. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आहे. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात, म्हणजे आपल्या परसातल्या लिंबावरही ते अंडी घालत असेल.

मी वहिनींना सांगितले, की आपण उभे आहोत त्याखाली कचरा आहे. त्या बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढा कचरा जिरवायला किती वर्षे लागली असतील?” पन्नास वर्षे होत आली, असे मी म्हणालो. त्या एका दगडावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. पाच दिवसांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या. वॉर्डात रडायला जागा नव्हती. मी काही बोललो नाही. दहा मिनिटांनी त्या स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, “भूक लागली, भाऊजी.”

झाडे काय करतात?

झाडांमुळे रक्तदाब बरा झाला, असे मी म्हणणार नाही. रक्तदाब उतरला तो गोळ्यांनी, आणि त्यालाही काही दिवस लागले. झाडे हा औषधाला पर्याय नाही. मात्र झाडांच्या सहवासाचा शरीरावर परिणाम होतो, एवढे आता पुरेशा अभ्यासांतून पुढे आले आहे.

रॉजर उल्रिच या अमेरिकन संशोधकाचा अभ्यास १९८४ साली ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या त्यांनी जोड्या लावल्या. वय आणि इतर बाबी शक्य तितक्या सारख्या. फरक इतकाच, की २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली.

जपानमध्ये १९८२ साली तेथील वनखात्याने ‘शिनरिन-योकू’ ही कल्पना मांडली. त्याचा अर्थ वनस्नान. पाण्याने नव्हे, तर वनातल्या हवेने, आवाजांनी आणि गंधाने न्हाऊन निघणे. त्यावर पुढे तिथे बरेच प्रयोग झाले. शहरी रस्त्यावर चालण्यापेक्षा वनात चालल्यावर नाडीचा वेग, रक्तदाब आणि ताण दाखवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक थोडे खाली येते, असे त्यांत आढळले. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक स्वतःची प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते. हा वेळ एकाच फेरीत घालवला की अनेक फेऱ्यांत, याने फरक पडत नव्हता. निरोगी माणसेच अधिक हिंडतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते, म्हणून या आकड्याला गुटीसारखे मोजून घेऊ नये. पण दिशा स्पष्ट आहे.

यामागचे कारण समजायला कठीण नाही. वॉर्डात डोळे आणि कान सतत ताणलेले असतात. सलाईन संपले का, परिचारिका काय म्हणाली, कोणाचे नाव पुकारले? हे लक्ष ओढून धरावे लागते आणि त्याने मेंदू थकतो. झाडांखाली लक्ष आपोआप जाते आणि आपोआप सुटते. पान हलले, पाखरू बोलले, एवढेच. थकलेल्या लक्षाला त्यात विसावा मिळतो. शिवाय पाय मोकळे होतात, पोटऱ्यांतले रक्त फिरू लागते. दिवसाचा उजेड डोळ्यांवर पडल्याने शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप लागण्यास मदत होते. वॉर्डात रात्रंदिवस दिवे जळतात, तिथे हे घड्याळ हमखास बिघडते.

जाण्यापूर्वी

शरदात झाडीत जाताना काही पथ्ये पाळावीत.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. अंगभर कपडे घालावेत, उघड्या भागावर डास पळवणारे मलम लावावे. पुढे ताप आलाच तर तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

ऑक्टोबरपासून मुंबईच्या हवेत धूळ आणि धूर साठू लागतो. पावसाळी वारे थांबतात आणि हवा जागच्या जागी राहते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी धुरकट सकाळी घाई करू नये, ऊन वर आल्यावर निघावे आणि पंप खिशात ठेवावा.

पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. ऑक्टोबरचे ऊन वैशाखाइतकेच घाम काढते. चहाऐवजी कोकम सरबत किंवा लिंबूपाणी बरे. उपाशीपोटी जाऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात दोन बिस्किटे आणि थोडी साखर ठेवावी.

उद्यानाच्या वेळा व साप्ताहिक सुटी आधी विचारून घ्यावी. जाण्यापूर्वी वॉर्डातल्या परिचारिकेला सांगून, आपल्या जागी कोणाला तरी बसवून आणि फोन चालू ठेवून निघावे. मन शांत राहिले तरच तासाचा उपयोग.

आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरात, माळावर, गवतात हिंडणाऱ्यांना आणखी एक सूचना. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत गवतातल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावून स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. चावल्याच्या जागी कधीकधी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते, आणि ती काखेत, जांघेत लपलेली असते. वेळीच निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने हा ताप बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततो. म्हणून ताप आल्यास “आठ-दहा दिवसांपूर्वी रानात गेलो होतो” हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रानातून परतल्यावर कपडे बदलावेत आणि साबणाने अंघोळ करावी. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. तो अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे.

आपल्या गावाचे काय?

मुंबईला जाण्याची वेळ कोणावर न येवो. पण आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही सोबतीची माणसे असतातच. त्यांच्यासाठी आवारात काय आहे? बहुतेक ठिकाणी डांबरी पटांगण, उभ्या केलेल्या दुचाकी आणि पत्र्याची शेड. कचऱ्याच्या डोंगरावर वन उभे राहू शकते, तर कोकणच्या मातीत, जिथे काठी रोवली तरी पालवी फुटते, तिथे रुग्णालयामागच्या अर्ध्या एकरात का उभे राहू नये? वड, करंज, कडुनिंब, बकुळ, आवळा अशी इथली झाडे लावावीत, पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे, गुरांपासून राखावे, आणि झाडांखाली चार बाक टाकावेत. ग्रामपंचायत, शाळा आणि गणेशोत्सव मंडळे यांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. वाढदिवसाला रुग्णालयात फळे वाटणाऱ्यांनी एखाद्या वर्षी फळे देणारे झाडच लावावे आणि मुख्य म्हणजे ते जगवावे.

आमच्या वहिनी त्यानंतर रोज गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात दोनदा गेल्या, दुसऱ्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला घेऊन. लोक काय म्हणतील, या प्रश्नाचे उत्तर हेच. एक जण गेला की दुसऱ्याला वाट दिसते.

तेव्हा वाचकहो, घरात कोणी आजारी असेल तर रुग्णाची विचारपूस करून झाल्यावर शेजारी बसलेल्या माणसालाही विचारा, “तुम्ही जेवलात का? गोळी घेतलीत का? रात्री झोप लागली का?” आणि त्याला म्हणा, “मी तासभर बसतो इथे, तुम्ही जरा झाडांखाली जाऊन या.” रुग्णाला भेटायला जाताना नेलेल्या शहाळ्यापेक्षा ही भेट कदाचित अधिक उपयोगी पडेल.